दाब, धर, सोड

गंधवानीत गाडीचं बॉनेट उघडून उभं राहिलात तर कोणी फिरकत नाही. इंजिन हा ज्याचा त्याचा खासगी मामला. पण जॅक लावून एक चाक काढा, की दहा मिनिटांत माणसं जमतात. चाक निघाल्यावर आत जे दिसतं, म्हणजे गंजलेला ड्रम, चिखलानं माखलेला लोअर आर्म, तडकलेलं बुश, त्याबद्दल मत असायला शिक्षण लागत नाही. आणि ज्याला मत नाही असा माणूस धार जिल्ह्यात अजून जन्मायचाय.

हे सगळं मी आमच्या काकांच्या अंगणात खुर्चीवर बसून पाहिलेलं आहे. माझ्या हाती पाना द्यायला कोणी धजत नाही, त्यामुळे निरीक्षणाला भरपूर वेळ मिळतो. काका मूळचे धारचे. अठराव्या शतकात पवारांबरोबर जी मराठी घराणी माळव्यात आली त्यातलं आपलं एक, असं घरात सांगतात. कागद कोणी पाहिलेला नाही. मास्तरकी करत काका गंधवानीला आले आणि निवृत्तीनंतर तिथंच राहिले. घरात ते मराठी बोलतात, बाजारात हिंदी, आणि नट निघाला नाही तर थेट निमाडी.

त्यांची मारुती आठशे १९९७ सालची. या गाडीची पहिली चावी १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. पण थांबलं ते कारखान्यात. आमच्या काकांच्या अंगणात ती दर पावसाळ्यानंतर पुन्हा नव्यानं जोडली जाते. गाडीचा यात काही दोष नाही. तिशीकडे आलेल्या रबरानं आणखी किती वर्षं मऊ राहायचं? शिवाय तिची चाकं बारा इंची. विंध्याच्या दक्षिण उतरणीवरच्या या डोंगराळ मुलखात काही खड्डे असे आहेत की मोठ्या गाडीचं चाक त्यांच्यावरून जातं आणि आठशेचं आत जातं. माळव्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि तिच्यावर अंथरलेला डांबरी रस्ता दोन्ही वेळा तिच्या मागोमाग जातो. मग महिना-दीड महिन्यात पुढच्या डाव्या बाजूनं कुठूनतरी आवाज यायला लागतो.

आवाजाचं निदान हा गंधवानीतला सार्वजनिक उपक्रम आहे. काका गाडी घेऊन फाटकातून बाहेर पडले की पानवाला मान तिरकी करून ऐकतो आणि सांगतो, "मास्साब, लोअर आर्म का बुश." पुढं पंक्चरवाला सांगतो, "बॉल जॉइंट." किराणा दुकानातला मालक, ज्याच्याकडे स्वतःची गाडी नाही, तो ठामपणे सांगतो, "शॉकअप." खडबडीत रस्त्यावर 'खट्' वाजलं तर बुश किंवा बॉल जॉइंट, वळताना 'कट-कट-कट' वाजलं तर सीव्ही जॉइंट, ब्रेक मारल्यावर 'किर्र' वाजलं तर लायनिंग संपून लोखंडावर लोखंड घासतंय, इतपत शास्त्र खरं आहे. अडचण अशी की काकांच्या गाडीतून हे सगळे आवाज एकाच वेळी येतात. त्यामुळे प्रत्येकाचं निदान बरोबर ठरतं आणि प्रत्येक जण संध्याकाळी खात्री करून घ्यायला घरी येतो.

मग शॉकची परीक्षा. ही सगळ्यांना ठाऊक असते: मडगार्डवर दोन्ही हात ठेवून गाडी जोरात खाली दाबायची आणि सोडायची. वर येऊन स्थिरावली तर शॉक ठीक; झुलत राहिली तर गेला. वैद्यानं नाडी बघावी तसा येणारा प्रत्येक जण आधी मडगार्ड दाबतो, मग बोलतो. ट्रॅक्टरवाले शेजारी दाबतात, पोस्टमन दाबतो, दूध घालायला आलेला मुलगाही दाबतो. सकाळी बऱ्यापैकी शाबूत असलेला शॉक अंधार पडेपर्यंत या तपासण्यांनीच जायची वेळ येते. शॉक बनवणाऱ्या गॅब्रिएलचा एक कारखाना देवासला आहे, पण तिथल्या चाचणी विभागातही एका शॉकवर एवढे तज्ज्ञ एका दिवसात हात ठेवत असतील, असं मला वाटत नाही.

लांबून बघणाऱ्याला हा जिल्हा म्हणजे मोटारींचं माहेर वाटेल. पीथमपूर धार जिल्ह्यातच. कायनेटिक होंडाच्या स्कूटर तिथं बनल्या, आयशरचे ट्रक बनतात, बजाज टेम्पोचा, म्हणजे आताच्या फोर्सचा कारखाना तिथंच. हिंदुस्तान मोटर्सनं इसुझूची इंजिनं तिथंच बनवली, जी काँटेसात आणि पुढं अँबॅसिडरमध्ये बसली. आणि २९ जून २०२१ ला उद्घाटन झालेला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा वेगवान चाचणी मार्गही तिथंच. आशियातला सगळ्यात लांब. एकही खड्डा नसलेला असा रस्ता जिल्ह्यात आहे हे काकांना अभिमानानं सांगावंसं वाटतं. त्यावर गाडी न्यायला परवानगी लागते, हे ते हळू आवाजात सांगतात.

गंधवानीच्या मिस्त्रीला मात्र आठशेचं कौतुक नाही. त्याच्याकडे पीथमपूरच्याच तूफान गाड्या रांगेत उभ्या असतात. भगोरियाच्या जत्रांच्या दिवसांत आत आणि टपावर मिळून जेवढी माणसं तूफानमध्ये बसतात तेवढी आमच्याकडे लग्नाला येत नाहीत, आणि त्यांचं सगळं ओझं मागचे पाटे मुकाट्यानं झेलतात. पाट्यांतलं एखादं पान तुटतं, सेंटर बोल्ट कापला जातो, यू-बोल्ट सैल होतात. या कामांपुढं काकांची गाडी मिस्त्रीला खेळणं वाटते. "रख दो मास्साब, देख लेंगे," म्हणतो. हे 'देख लेंगे' पंधरवडा चालतं. तेव्हा काका चिडून जाहीर करतात, "आपण स्वतः करू."

आता आपल्या जिल्ह्याचं एक वैशिष्ट्य सांगायला हवं. धारच्या भोज राजाच्या नावावर 'समरांगणसूत्रधार' नावाचा अकराव्या शतकातला ग्रंथ आहे. त्यातल्या एकतिसाव्या अध्यायात यंत्रांची वर्णनं आहेत. पाऱ्याच्या जोरावर उडणारा लाकडी पक्षीही त्यात आहे. यंत्र काय काय करतं ते सगळं सांगितलंय, पण जोडायचं कसं ते मात्र सांगितलेलं नाही. आणि हे अज्ञानामुळे नव्हे, गुप्ततेसाठी, अशा अर्थाचा खुलासाही ग्रंथकारानं करून ठेवलाय. हजार वर्षांनंतर गंधवानीच्या मिस्त्रीचा बाणा तोच आहे. काका विचारायला गेले, "हा लोअर आर्म काढायचा कसा?" तर मिस्त्री तूफानखालूनच म्हणाला, "आसान है." पुढं काही नाही. गुप्ततेसाठी.

कामाची सुरुवात जॅकपासून. गाडीबरोबर आलेला जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नसतं. हे काकांना पूर्ण ठाऊक आहे, म्हणून ते विटा लावतात. विटांवर गाडी ठेवणं हे जॅकपेक्षाही वाईट. वीट फुटताना आधी कळवत नाही. ट्रॅक्टरवाले शेजारी सज्जन. त्यांनी घरून दोन लोखंडी घोड्या आणल्या आणि काकांना धारचा खांब ऐकवला.

धारला लाट मशिदीच्या आवारात लोखंडी खांबाचे तीन तुकडे ठेवलेत. सगळे मिळून तेरा मीटरच्या वर भरतात. जहांगीर बादशहानं आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की गुजरातचा सुलतान बहादूरशहा हा खांब गुजरातेत नेणार होता. काढताना तो पडला आणि मोडला. शेजाऱ्यांच्या मते यातून एकच गोष्ट सिद्ध होते: सुलतानानं घोडी लावली नव्हती. "एवढा मोठा सुलतान, पण दोन घोड्या कोणाकडून मागून आणल्या नाहीत," असं म्हणत त्यांनी दोन्ही घोड्या चेसिसच्या मजबूत भागाखाली सरकवल्या, मागच्या चाकांना दगड लावले, गाडी हलवून बघितली, आणि मगच काकांना खाली जाऊ दिलं. इतिहासाचा इतका चोख उपयोग मी आमच्या कॉलेजातही पाहिलेला नाही.

मग गंज. तिशीकडे आलेल्या गाडीचा नट हा नट राहिलेला नसतो, तो बोल्टाशी एकरूप झालेला असतो. रॉकेल ओतलं, थांबलो, परत ओतलं. रिंग पाना लावून त्यावर पाइप चढवला आणि दूधवाल्या मुलानं पाइपवर उभं राहून उडी मारली. नटाऐवजी पाना हलला आणि नटाचे कोपरे गेले. इथं काका निमाडीत शिरले. अखेर वेल्डिंगवाल्याला बोलावून नट लाल होईस्तोवर तापवला, तेव्हा तो निघाला. त्याच्याबरोबर बोल्टाचे निम्मे आटेही आले. शेजारच्या बुशच्या रबराला धूर यायला लागला, पण ते तसंही बदलायचंच होतं. नवं बुश दाबून बसवायला प्रेस लागतो. काकांनी पान्यावर, व्हाइसमध्ये आणि शेवटी उखळीवर प्रयोग केले. काकूंची उखळ दगडी असल्यानं वाचली.

आर्म परत लागला, सगळे बोल्ट आवळले, चाक अजून हवेतच. तेवढ्यात रस्त्यानं जाणारा तूफानचा एक ड्रायव्हर थांबला, वाकून बघितलं, आणि म्हणाला, "ढीला करो." सगळे गप्प. त्यानं जे सांगितलं ते कोणत्याही गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगं आहे. रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळायचे नसतात. हवेत असताना आर्म खाली लोंबतो. त्या स्थितीत आवळलं की गाडी जमिनीवर आल्याबरोबर रबराला पीळ बसतो, आणि तो पीळ घेऊनच ते राहतं, लवकर फाटतं. आधी बेताचं आवळा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-चारदा दाबून बसू द्या, मग कसून आवळा. एवढं सांगून तो निघून गेला. भोज राजाच्या जिल्ह्यात यंत्राची जोडणी उघडपणे सांगणारा माणूस मी त्या दिवशी पाहिला.

अॅक्सलबद्दल फार सांगत नाही. सीव्ही जॉइंटचा रबरी बूट फाटला की ग्रीस बाहेर उडतं, धूळ आत जाते, आणि वळणावर कटकट सुरू होते. बूट वेळेवर बदलला तर तुलनेनं थोडक्यात भागतं. नाही बदलला तर अख्खा शाफ्ट. काकांनी शाफ्ट गिअरबॉक्समधून ओढून काढला, आणि त्या भोकातून गिअर ऑइलही बाहेर आलं. खाली परात ठेवायची असते. परात काकूंची होती आणि ठेवलेली नव्हती, म्हणून वाचली. अंगण मात्र वाचलं नाही.

खरी परीक्षा ब्रेकची. मागचा ड्रम निघता निघेना. हातोडा, मोठा हातोडा, त्याहून मोठा हातोडा असा क्रम चालला होता. बऱ्याच ड्रमना त्यांच्याच तोंडावर आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत दोन बोल्ट आलटून पालटून आवळत गेलं की ड्रम आपोआप बाहेर सरकतो. ही भोकं गंजानं भरलेली होती आणि ती पोस्टमनला दिसली. अर्थात त्याआधी हँडब्रेक सोडावा लागतो. तो काकूंनी सोडला, कारण आत बसलेल्या त्याच एकट्या होत्या. ड्रम निघाल्यावर काकांनी गाल फुगवून आतली धूळ फुंकायचा पवित्रा घेतला, तेव्हा मी खुर्चीवरून पहिल्यांदा ओरडलो. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचा. ती धूळ ओल्या फडक्यानं पुसायची, फुंकायची नाही. बाकी शूच्या स्प्रिंगा कुठली कुठं लागते याचा घोळ होऊ नये म्हणून एका वेळी एकच बाजू उघडावी, दुसरी नमुन्याला राहू द्यावी. काकांनी मात्र दोन्ही उघडल्या.

स्वतः करायच्या दुरुस्तीतलं 'स्वतः' पार निकालात निघतं ते ब्रेकची हवा काढताना. व्हील सिलिंडर बदलला की पाइपात हवा शिरते. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून पेडल मऊ लागतं. ती हवा काढायला एक माणूस पेडलवर आणि एक चाकाशी निपलवर लागतोच. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे आपल्या गाड्यांत साधारण मागचं डावं. पेडल दाबायचं, दाबून धरायचं; खालच्यानं निपल ढिला करायचा, हवेचे बुडबुडे आणि ऑइल येऊ द्यायचं, निपल परत घट्ट करायचा; आणि त्यानंतरच, त्यानंतरच, वरच्यानं पेडल सोडायचं. आधी सोडलं तर निघालेली हवा परत आत. मेडिकलवाल्यानं सलाइनची नळी दिली, ती निपलला लावून दुसरं टोक बाटलीत बुडवलं. मास्टर सिलिंडरचा डबा रिकामा होऊ नये म्हणून ऑइल ओतत राहायला दूधवाला मुलगा. बॅटरी धरायला ट्रॅक्टरवाले शेजारी. पेडलवर काकू.

"दाब."

"दाबला."

"धर."

"धरलाय. अहो, पार खाली गेला, फरशीला टेकला."

"टेकू दे. सोडू नकोस!"

गाडीखालून येणाऱ्या आवाजाची गंमत अशी की वाक्याचं शेपूट वाटेत गळतं. काकूंना ऐकू आलं 'सोडू'. त्यांनी सोडला. नळीतलं ऑइल उलटं वर गेलं.

"अगं, नकोस म्हटलं!"

"तुम्ही सोडू म्हणालात."

"सोडू म्हणालो, पण नकोस म्हणालो!"

हा संवाद बराच काळ चालला. ट्रॅक्टरवाले शेजारी बॅटरी दुसरीकडे वळवून आकाशाकडे बघायला लागले. अखेर तोडगा काढला तो काकूंनीच. "तुम्ही बोलूच नका," म्हणाल्या, "पान्यानं टकटक करा. एकदा म्हणजे दाब, दोनदा म्हणजे सोड. माझ्याकडून एक हॉर्न म्हणजे दाबलाय." त्यानंतर काम झपाट्यानं झालं. एकही शब्द नाही. टक, पों, टकटक. रस्त्यावरून जाणाऱ्या दोन तूफाननी हॉर्न ऐकून साइड दिली. शेवटच्या चाकाला पेडल घट्ट झालं, तेव्हा काकूंनी लांबलचक हॉर्न दिला आणि बघायला आलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

पण बाटलीत जे जमलं ते काळपट तपकिरी होतं. ब्रेक ऑइल नवं असताना फिकट पिवळसर असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी मिसळलं की लवकर उकळतं. डॉट-३ चं नवं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळायला नको, असं मानक आहे. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १४० अंशांवर येते. सपाटीवर गावात फिरताना हे कळत नाही. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की ड्रम आणि डिस्क तापतात, ऑइल उकळतं, पाइपात वाफ होते, आणि पेडल फरशीला टेकतं. तेव्हा निपल उघडायला खाली कोणी नसतं. आमच्याच जिल्ह्यात मुंबई-आग्रा रस्त्यावर गणपती घाट आहे. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांनी तिथं किती घरं उजाड केली, हे धारचं वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगायला नको. म्हणून इथं मी विनोद थांबवतो आणि काकांनाही थांबवलं.

काम संपल्यावर त्यांनी गाडी आधी अंगणातच चार हात पुढं-मागं केली, मग हळू वेगात सपाट रस्त्यावर नेली, ब्रेक मारून बघितला, चारही चाकांशी ऑइल गळतंय का ते बघितलं. आणि मग गाडी मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीनं चारही बाजू तपासल्या, एक निपल पाव फेरा आवळला, आणि काही न बोलता पैसे घ्यायला नकार दिला. हा मान होता की काकांची कीव, हे गंधवानीत अजून ठरलेलं नाही. माझं स्वतःचं मत असं आहे: बुश, शॉक, पाटे घरी करा, बिघडलं तर आवाज येईल. ब्रेकही हवं तर घरी उघडा, पण उतारावर जाण्याआधी ज्याच्या हाताखालून रोज ब्रेक जातात त्या माणसाला दाखवा. ब्रेक बिघडला तर आवाज येईलच असं नाही.

गाडीची अलाइनमेंट अजून व्हायची आहे. लोअर आर्म काढल्यानंतर ती करावीच लागते, नाहीतर नवे टायर एका कडेनं झिजतात. त्यासाठी काका येत्या रविवारी धारला जाणार आहेत, काकू बरोबर, आणि हातात पाना असेल असं काकूंनी आत्ताच बजावून ठेवलंय.

वाचकांपैकी कोणी गंधवानीकडे येणार असेल तर येताना डॉट-३ ची अर्ध्या लिटरची एक बाटली घेऊन या. सीलबंद आणा. घरात वर्षभर उघडी पडलेली असेल तर ती तिथंच राहू द्या. ती काकांकडेही आहे.